पाठीवरचा खो

यवतमाळहून वर्ध्याच्या बाजूस निघाले म्हणजे वाटेत कळंब हे तालुक्याचे गाव लागते. चिंतामणीच्या देवळामुळे त्याचे नाव दूरवर पोचले आहे. बहुतेक देवळांत पायऱ्या चढून जावे लागते. येथे त्या उतराव्या लागतात, याचे नवख्या यात्रेकरूस मोठे नवल वाटते. गावाभोवतीची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर खेळाचे मैदान राखणे सोपे नाही. तरी शाळा सुटली की मुले मैदानात उतरल्यावाचून राहत नाहीत.

त्यांत मुलीही असतात. पाचवी-सहावीच्या मुली लंगडी खेळतात, खो-खो खेळतात, पडतात, गुडघे फोडून घेतात आणि पुन्हा धावू लागतात. परंतु त्याच मैदानावर नववी-दहावीच्या मुली शोधू लागलात, तर त्या क्वचितच दिसतील. हे काही एकट्या कळंबचे नाही. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांची हीच गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी वाऱ्यासारख्या पळणाऱ्या या मुली गेल्या कोठे? त्यांच्या पायांतील बळ तर कमी झालेले नसते.

हे कोडे उलगडण्यास खो-खोचा खेळच आपल्याला मदत करील. तुम्ही तो खेळला असाल. पण खेळताना त्याच्या रचनेकडे कोणी फारसे पाहत नाही. दोन टोकांना दोन खांब, आणि त्यांच्यामध्ये एका ओळीत आठ जणी बसलेल्या. पहिलीचे तोंड एकीकडे, तर दुसरीचे दुसरीकडे. नववी पाठलाग करते. तिने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, आणि मधली पट्टी ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. समोरची धावणारी मात्र वाटेल तिकडे वळते. म्हणजे एकटी पाठलाग करणारी कितीही चपळ असली, तरी ती अपुरीच पडते. तिने बसलेल्या मैत्रिणीला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ म्हटले, तरच खेळ पुढे सरकतो. उलट बाजूनेही हे तितकेच खरे. बसलेल्या मुलीत विजेची चपळाई असेना का, खो मिळाल्याशिवाय तिला उठता येत नाही. आपणहून उठणे ही चूक धरली जाते.

या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली बांधले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा विजयवाडा येथे १९५९-६० साली झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी कोल्हापुरास स्त्रियांची स्पर्धा भरली. राष्ट्रीय स्पर्धांतील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूस राणी लक्ष्मीबाईच्या नावाचा पुरस्कार देतात. चौदा वर्षांखालील मुलींसाठीही एक निराळा पुरस्कार आहे. त्याचे नाव ‘इला’. तुमच्या वर्गातल्या मुली याच वयाच्या आहेत. तेव्हा खेळाने स्त्रियांना दार लावून घेतलेले नाही. अडचण दाराशी नसून दारापर्यंतच्या वाटेवर आहे.

कळंबावरून जाणारा हा महामार्ग नागपूरकडून येतो आणि यवतमाळ, नांदेड, लातूर मागे टाकीत शेवटी तुळजापुरास पोचतो. तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे, त्यातही कळंब नावाचे एक तालुक्याचे गाव आहे. दोन्ही कळंबांची गल्लत पुष्कळदा होते. हा जिल्हा पूर्वी उस्मानाबाद म्हणून ओळखला जाई. आज त्याला धाराशिव म्हणतात. तेथील सारिका काळे या मुलीची हकिकत आता सांगावयाची आहे.

सारिकाच्या वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसे कमावता येत नसे. आई शिवणकाम करी. घर चाले ते मुख्यतः आजी-आजोबांच्या कमाईवर. सारिका तेरा वर्षांची असताना तिचे काका तिला मैदानावर घेऊन गेले आणि तेथे ती खो-खोत रमली. एवढी साधी सुरुवात. परंतु काका घेऊन गेले नसते, तर? पुढे मोठेपणी त्यांनी सांगितले आहे की, सुमारे दहा वर्षे त्यांना दिवसातून जेमतेम एकदाच जेवण मिळे. ज्या खेळात क्षणाक्षणाला वळावे, वाकावे आणि झेपावावे लागते, तो खेळ अशा पोटाने खेळावयाचा, म्हणजे काय कष्ट असतील याची कल्पना सुखवस्तू घरातील मुलांना येणे कठीण आहे.

२०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी व शिलाँग येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यांत खो-खोचा प्रथमच समावेश झाला होता. भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. संघाच्या कर्णधार होत्या सारिका काळे. देशाच्या संघाचे नेतृत्व केले म्हणजे सर्व चिंता मिटल्या, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. त्याच वर्षी घरच्या पैशांच्या अडचणींनी त्या इतक्या खचल्या की, खेळ सोडण्याचे त्यांनी मनाशी ठरवले. त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतल्याचे आजीने त्यांचे मार्गदर्शक चंद्रजित जाधव यांना कळवले. जाधवांनी त्यांची समजूत घातली, आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या. पुढे त्यांना सरकारी नोकरी मिळून घराला आधार झाला. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या खेळाडूस तो बावीस वर्षांनी मिळत होता. त्या वेळी त्या तुळजापूर येथे क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या.

या हकिकतीत सारिका काळे यांचा निर्धार मोठा आहे, यात शंका नाही. पण मला तीत आजी फार महत्त्वाची वाटते. तिने निरोप धाडला नसता, तर मार्गदर्शकाला कळले असते केव्हा? खेळ सोडणारी मुलगी सहसा तसे बोलून दाखवीत नाही. एके दिवशी ती येत नाही, दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि मग तिच्या न येण्याची सर्वांना सवय होऊन जाते.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. १९ जानेवारीच्या अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८–४० असा पराभव केला. कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राच्याच, आणि संघातील अश्विनी शिंदे या तर धाराशिवच्या. ज्या गावच्या मैदानावर मोठ्या मुली खेळताना दिसतात, तेथे लहान मुलींना आणि त्यांच्या आईबापांनाही ते नवीन वाटत नाही.

आता पुन्हा आपल्या मैदानाकडे येऊ. मोठ्या मुली घरी का राहतात, हे त्यांना विचारले तर कारणे फार मोठी नसतात. खेळ संपेतो अंधार पडतो आणि एकटीने परत जावे लागते. आई शेतावर निंदणीला किंवा कापूस वेचायला गेलेली असते. धाकट्या भावाला सांभाळावयाचे असते, स्वयंपाक करावयाचा असतो. अंगावरच्या कपड्यांविषयी कोणी काही बोलते. मैदान मुलांनी क्रिकेटसाठी आधीच धरलेले असते! यांतील प्रत्येक गोष्टीला उपाय आहे, आणि त्यांतले काही तर तुमच्याच वयाच्या मुलामुलींच्या हातचे आहेत. सराव दिवेलागणीपूर्वी आटोपता येतो. एकाच वाटेच्या चौघी-पाचजणी मिळून घरी जाऊ शकतात. बहीण खेळून येईपर्यंत भावाने चूल पेटवली, तर त्याचे काही बिघडत नाही. मैदानाचे दिवस वाटून घेता येतात. खर्चाचे म्हणाल, तर खो-खोला ना चेंडू लागतो, ना बॅट. दोन खांब, सारखी केलेली जमीन आणि आखणीसाठी थोडी फक्की पुरते.

मात्र नऊजणी रोज लागतात. आज आठच आल्या, तर ओळीत एक जागा मोकळी राहते आणि ती सर्वांना दिसते. न आलेल्या मुलीचे घर कोठे आहे, हे तिच्या मैत्रिणींना ठाऊकच असते.