शिवराईला चिंच लावू नका

प्रश्न : आजीच्या पेटीत सहा शिवराया आणि १८६२ सालचे दोन राणीछाप रुपये सापडले. शिवराया काळ्या पडल्या आहेत, अक्षरंही अर्धवट दिसतात. चिंचेनं घासून लख्ख केल्या तर किंमत वाढेल का? (एक वाचक, वाई)

उत्तर : कृपा करून घासू नका. शे-दोनशे वर्षांत तांब्यावर चढलेला तो काळसर थर नाण्याचं कवच आहे. चिंचेतलं आम्ल तो थर खातं आणि अक्षरांची धारही बोथट करतं. असं लख्ख नाणं जाणकार हातात घेताच ओळखतो आणि बाजूला ठेवतो. हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ते नाणं आधी इतरांपासून वेगळं करा.

अर्धवट अक्षरांनी हिरमुसू नका. शिवराई हातानं ठोकून पाडत. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ किंवा दुसरीकडचं ‘छत्र पति’ क्वचितच पूर्ण उमटे. चकतीबाहेर राहिलेलं अक्षर म्हणजे झीज नव्हे. जे उमटलं आहे ते किती ठसठशीत आहे, ते पाहा. भिंगाखाली अक्षराच्या कडा उभ्या दिसल्या तर प्रत उत्तम. अक्षर पृष्ठभागात विरघळल्यासारखं वाटलं तर नाणं फार हातांतून फिरलेलं. ‘शिव’ आहे की ‘सिव’, तेही नीट वाचा. पेशवाईतही शिवराया पडतच होत्या, म्हणून नाव शिवाजीमहाराजांचं असलं तरी प्रत्येक नाणं त्यांच्या काळातलं नसतं.

राणीछाप रुपया यंत्रावर पाडलेला, त्याला वेगळा न्याय. झीज सर्वांत उंच भागावर आधी दिसते : राणीचा मुकुट, गाल, कपड्यांवरचं नक्षीकाम. तिथली बारीक रेघ शाबूत असेल तर ते नाणं जपाच. वजनही करा. नवा रुपया ११.६६ ग्रॅम, म्हणजे त्या काळचा बरोबर एक तोळा. चांदी जितकी झिजली तितका काटा खाली. आणि १८६२ सालाला भुलू नका. हेच साल ठशावर १८७४ पर्यंत कायम होतं. मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर तारखेखालचे बारीक ठिपके मोजून खरं वर्ष काढतात.

नाणं कडेनं धरा, कागदी पाकिटात एकेकटं ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. त्यांनी तांब्यावर चिकट हिरवट डाग पडतात. पेटीतल्या कुठल्या कप्प्यात काय होतं, तेवढं आजच लिहून ठेवा.