हिरोशिमातला एक दिवस : चौघांना किती खर्च येतो?

जपान महाग, हे आपण इतकं ऐकलेलं असतं की हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयाचं तिकीट 200 येन आहे म्हटलं तर लोक शून्य राहून गेलं का विचारतात. शून्य राहिलेलं नाही. साधारण 120 रुपये. पासष्टीपुढच्यांना त्याच्याही निम्मं, फक्त वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. नववीपर्यंतच्या मुलांना फुकट.

हिशेबासाठी एक घर धरू: आई, बाबा, सदुसष्ट वर्षांची आजी आणि दहा वर्षांचा मुलगा. मुक्काम हिरोशिमा स्टेशनच्या आसपास. दर 2025 सालचे आहेत, आणि 100 येनचे 60 रुपये धरलेत. दुकानात उभ्या उभ्या आकडेमोड करायची तर येन निम्मे करा आणि मूळ आकड्याचा दहावा हिस्सा त्यात मिळवा. मुक्काम ओसाकाला ठेवून बुलेट ट्रेनने एका दिवसात जाऊन येणार असाल, तर हा सगळा हिशेबच कोलमडतो. एका बाजूचं तिकीट साडेदहा हजार येनच्या आसपास आहे, म्हणजे चौघांचं जाणं-येणं 73,000 येनच्या पुढे. पुढे जायचंच असेल तर वाटेत इथे एक रात्र थांबणं परवडतं.

सुरुवात सकाळीच करा. संग्रहालय साडेसातला उघडतं, पण पहिल्या तासासाठी ऑनलाइन वेळ ठरवून घ्यावी लागते. दहानंतरच्या गर्दीत लहान मुलाला काचेपर्यंत पोचताही येत नाही. शहरात फिरायला ट्राम आहे. अंतर कितीही असो, मोठ्यांना 240 आणि मुलांना 120 येन, म्हणजे चौघांच्या एका फेरीचे 840. ऑगस्ट 2025 पासून ट्राम थेट स्टेशनच्या इमारतीतच दुसऱ्या मजल्यावर येते, त्यामुळे आजीला रस्ता ओलांडायची दगदग नाही. पैसे उतरताना द्यायचे असतात, सुटे आधीच काढून ठेवा. किंवा आधी पैसे भरून ठेवायचं इकोका कार्ड घ्या, तेही चालतं.

मुलाला संग्रहालयात न्यायचं का, हा प्रश्न पैशांचा नाही, पण घरोघरी विचारला जातो. दहा वर्षांच्या मुलाला न्यावं, असं माझं मत आहे. आदल्या रात्री थोडं सांगून न्यावं आणि काही दालनं न थांबता ओलांडावीत. एका काचेआड धातूचा जेवणाचा डबा आहे, आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. शाळकरी मुलाचा डबा. तिथे मुलं आपणहून प्रश्न विचारतात, उत्तरं तयार ठेवा. बाहेर बागेत सगळं विनामूल्य आहे: अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेला घुमट, मुलांचं स्मारक, त्याभोवती कागदी पक्ष्यांच्या माळा. घुमटाजवळच मोतोयासु नदीच्या काठी गांधीजींचा 42 इंची ब्राँझचा अर्धपुतळा आहे. मे 2023 मध्ये जी-7 परिषदेच्या वेळी भारताने तो या शहराला दिला. घडवलाय धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. हिरोशिमाचा किल्ला मी या दिवसात धरलेला नाही. 1958 साली काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेला आहे, बाहेरून बघितला तरी पुरे.

दुसरा टप्पा मियाजिमा बेट. जेआरची म्हणजे जपान रेल्वेची लोकल मियाजिमागुचीपर्यंत अर्ध्या तासात नेते, मोठ्यांना 420 येन. तिथून बोट दहा मिनिटांची, 200 येन. जाताना प्रत्येकी 100 येन पर्यटन कर लागतो, शाळेत जाणाऱ्या मुलालाही. जेआर पास असेल तर लोकल आणि जेआरची बोट त्यात येतात, कर मात्र वेगळा भरायचा. शांतता उद्यानापासून थेट बेटावर जाणारी बोटही आहे. सोय छान, पण एका माणसाचे एका बाजूचे 2,000 येनपेक्षा जास्त. लोकल आणि नेहमीची बोट मिळून 620 होतात. मी लोकलच घेईन.

निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, ती फुकट कळते आणि दिवस वाचवते. भरतीला इत्सुकुशिमा मंदिराचं लाल तोरण पाण्यात उभं दिसतं, ओहोटीला त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. सध्याचं तोरण 1875 चं, सोळा मीटरहून उंच. मंदिराचं तिकीट मोठ्यांना 300, मुलाला 100. डोंगरावर जाणारा रोपवे मात्र माणशी 2,000 येन, मुलाला 1,000. चौघांचे 7,000. शिवाय वरच्या स्थानकापासून शिखर अर्ध्या तासाच्या चढणीवर. आजी बरोबर असतील तर सोडून द्या.

आता खाणं, आणि पैसे खरे इथेच जातात. बेटावर चहूकडे भाजलेल्या कालवांचा वास असतो. जपानची निम्म्याहून जास्त कालवं हिरोशिमा परिसरातून येतात. दोन कालवांचे 500 येनच्या आसपास, तेवढं खावंच. पानाच्या आकाराचा, आत लाल घेवड्याचं गोड पुरण भरलेला मोमिजी मांजू एक घ्या, काडीला लावून तळलेला दुसरा घ्या. ईलच्या जातीच्या माशाचा अनागो-भात प्रसिद्ध आहे, पण माणशी 2,500 च्या पुढे. एक थाळी मागवून चौघांनी चाखा आणि बाकीच्यांसाठी उदोन नूडल्स घ्या. हरणांपासून जपा. ती तिकिटं आणि नकाशेही खातात, आणि त्यांना खायला घालायला बंदी आहे. दुकानं पाचच्या सुमारास आवरायला लागतात, तोवर परत फिरा.

रात्री ओकोनोमियाकी. शहरातल्या ओकोनोमिमुरा इमारतीत एकावर एक मजल्यांवर याचीच दुकानं आहेत. तव्यासमोरच्या बाकावर बसा. घावनासारखा पातळ थर पसरतात, त्यावर कोबीचा डोंगर, मोड, डुकराच्या मांसाचे काप, मग सगळं उलटून नूडल्सवर, शेवटी अंडं आणि दाट गोडसर सॉस. कोबी बसेपर्यंत वाट बघावी लागते. मग छोट्या उलथण्याने तव्यावरूनच तुकडे तोडून खायचं. साधं 1,000 ते 1,300 येन, कालवं घातली की 1,500 च्या वर. पाणी फुकट, टिप नाही.

गोळाबेरीज अशी. ट्रामच्या चार फेऱ्या 3,360, लोकल 2,940, बोट आणि कर 1,800, संग्रहालय 500, मंदिर 1,000. एकूण 9,600, त्यात प्रवेशशुल्क अवघं 1,500. कोंबिनीतला म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातला नाश्ता 2,000, दुपारचं जेवण साधारण 4,800, बेटावरचं चरणं 2,000, रात्रीचं 5,600, पेयं 600. खाण्याचे 15,000. मिळून 24,600 येन, म्हणजे पावणेपंधरा हजार रुपये. रोपवे आणि चौघांना अनागो घेतलात तर हाच आकडा 37,000 येनपर्यंत जातो. काटकसर करायची तर दुपारच्या जेवणात करा, संग्रहालयात नाही.

शाकाहारी घराचा हिशेब थोडा वेगळा. ‘निकु नाशि दे’ म्हटलं की मांस वगळतात, पण तवा तोच असतो, पिठावर माशाची पूड भुरभुरतात आणि सॉसमध्येही सहसा मांसाचा किंवा कालवांचा अर्क असतो. उदोनचं पाणीही माशाचं. कडक शाकाहारी असाल तर दुपारसाठी दशम्या आणि कोरडी चटणी हॉटेलवरूनच बांधून घ्या, आणि रात्री शहरातल्या एखाद्या भारतीय हॉटेलात माणशी 1,500 येन धरून चला. डब्याचा कचरा ठेवायला एक पिशवीही घ्या, रस्त्यात कचरापेटी क्वचितच दिसते.