पंचांसमक्ष

फौजदारी वकिलीत मी सर्वांत जास्त वाचलेला कागद म्हणजे पंचनामा. घरझडतीचा, अंगझडतीचा, जप्तीचा. आरोपीच्या बाजूने उभं राहून हे कागद तपासताना जे उमगत गेलं ते इथे सांगते आहे. आकडे फक्त सांगण्याच्या सोयीसाठी घातले आहेत, उमगण्याचा क्रम तसा नव्हता.

१. झडती बेकायदा होती एवढ्यावर खटला संपत नाही.

"वॉरंटच नव्हतं मॅडम, मग केस टिकेलच कशी?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अशिलाच्या घरून येतो. अमेरिकेत १९६१ साली मॅप विरुद्ध ओहायो या निकालानंतर राज्यांच्या न्यायालयांनाही असा पुरावा दाराबाहेर ठेवावा लागला. आपण तो रस्ता धरला नाही. १९७४ च्या पूरणमल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुरावा प्रस्तुत असेल आणि कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नसेल, तर झडती बेकायदा होती म्हणून तो नाकारता येत नाही. हे अशिलाला सांगताना त्याचा चेहरा उतरतो, आणि दर वेळी मलाही ते सांगणं जड जातं. अशा वेळी मी १९६३ चा राधाकिशन खटला आठवते. उत्तर प्रदेशातला एक पोस्टमन, त्याच्या घरातल्या कपाटात न वाटलेली पत्रं सापडली. झडती बेकायदा असली तरी जप्ती त्यामुळे रद्द होत नाही, फार तर न्यायालयाने असा पुरावा अधिक बारकाईने तपासावा, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे तो मुद्दा पोस्टमन हरला. पण कपाटाची किल्ली त्याच्या वडिलांनी काढून दिली होती. मग कपाटातल्या वस्तू मुलाच्याच ताब्यात होत्या असं कसं म्हणायचं? तो सुटला. तेव्हापासून पोलिसांना घरात शिरायचा अधिकार होता का, हे मी विचारतेच, पण किल्ली कुणाकडे होती, त्या खोलीत कोण झोपतं, माळ्यावर कुणाचा हात पोचतो, हे आधी विचारते. झडती बेकायदा ठरवणं ही एक लढाई आणि झडतीची हकीकत खरी आहे का हे तपासणं ही दुसरी. आपल्याकडच्या न्यायालयांत माणसं सुटतात ती बहुतेक दुसऱ्या लढाईत.

२. पंचनामा हा स्वतः पुरावा नाही. पंच हा पुरावा आहे.

कागद कितीही नेटका असो, पंचाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन 'हे मी पाहिलं' असं सांगितल्याशिवाय त्याला जीव येत नाही. पंचनामा त्याची आठवण ताजी करायला आणि साक्षीला दुजोरा द्यायला. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण पंच म्हणजे कोण, हे कोर्टातच कळलं. चहाच्या टपरीवरचा पोऱ्या, रिक्षाचालक, नाक्यावर कामाच्या शोधात उभा असलेला मजूर. कायदा म्हणतो, त्याच भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी घ्या. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. प्रत्यक्षात पंच म्हणून आलेला माणूस दिवसाची मजुरी बुडवून, डबा घेऊन, कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळपासून बसलेला असतो, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत जातो.

उलटतपासात "सही कुठे केली?" असं विचारल्यावर "पोलीस ठाण्यात" हे उत्तर इतक्या सहजपणे येतं की सुरुवातीला मी चकित व्हायचे. तो खोटं बोलत नसतो. त्याला वाटतं, सही कुठे केली याने काय फरक पडतो? साहेबांनी सांगितलं, केली.

पण मला अधिक शिकवलं ते एका शिंप्याने. वयस्कर माणूस, शेजारच्या घराच्या झडतीला पंच म्हणून बोलावलेला. कुठल्या फडताळात, कुठल्या डब्यामागे, कुणी हात घातला, तेव्हा घरातली लेक कुठे उभी होती, सगळं त्याने न अडखळता सांगितलं. मी दोन-तीन बाजूंनी विचारून पाहिलं. उत्तरं बदलली नाहीत, आणि माझ्याबद्दल रागही दिसला नाही. मी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. कायद्याच्या मनात जो पंच आहे तो असा असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. पोलीस आणि घरमालक यांच्यामध्ये उभा असलेला तो एकटा नागरिक. तो खरा असेल तर आरोपीचंही रक्षण करतो आणि फिर्यादीचंही.

३. पंच फितूर झाला म्हणजे खटला संपला, असंही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्लीच्या सुनील खटल्यात बजावलं की पोलिसांच्या साक्षीकडे सुरुवातीपासूनच अविश्वासाने पाहायचं कारण नाही. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह वाटली तर न्यायालय तेवढ्यावरही जप्ती मान्य करू शकतं. एका निवृत्त हवालदारांशी यावर बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "ताई, रात्री दोन वाजता पंच व्हायला कोण दार उघडतं? उघडलं तरी पुढे किती वर्षं कोर्टात यावं लागेल हे त्याला माहीत असतं." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. लेखी आदेश देऊनही विनाकारण पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे, पण त्या तरतुदीचा धाक मी कुणाच्या मनात पाहिला नाही. त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा पंच म्हणून उभं करण्याची सवय या अडचणीतून लागते. आणि ती सवय लागली की स्वतंत्र पंच ही अट कागदापुरती उरते.

४. वेळा वाचायला शिकावं लागतं.

पंचनामा सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, स्टेशन डायरीतली निघाल्याची नोंद, गाडीच्या लॉगबुकातले किलोमीटर, अटकेच्या फॉर्मवरची वेळ. या पाच नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या. बस्स.

५. आरोपीच्या तोंडून निघालेलं सगळंच वाक्य पुराव्यात येत नाही.

'निवेदन पंचनामा' हा आपल्याकडचा फार प्रभावी कागद. आरोपी कोठडीत सांगतो, मग पंचांना घेऊन जातो, मग वस्तू काढून देतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये गेलेलं. पुलुकुरी कोटय्या हा प्रिव्ही कौन्सिलचा १९४७ च्या अहवालांतला निकाल आजही याचा पाया आहे. 'सुरा घराच्या छपरात लपवला आहे, काढून देतो' एवढं चालतं. 'त्या सुऱ्याने मी त्याला भोसकलं' हे चालत नाही. निवेदनात मात्र दोन्ही एका दमात लिहिलेलं असतं, आणि साक्ष नोंदवली जात असताना त्याच क्षणी उठून हरकत घ्यावी लागते. २०२२ मध्ये रामानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली: आरोपीने बोलायला सुरुवात करण्याआधी पंच तिथे हजर हवेत, त्याचे शब्द त्यांच्या कानांवर पडायला हवेत. हा निकाल हाती आल्यावर मी जुन्या फायली पुन्हा काढून वाचल्या. दुसऱ्या बाजूला, 'जागा उघडी होती, कुणीही जाऊ शकत होतं' हा बचाव पुरेसा नाही, असं १९९९ च्या हिमाचल प्रदेश विरुद्ध जीत सिंग खटल्यात न्यायालय म्हणालं. उघड्या माळरानावरही वस्तू इतरांच्या नजरेआड पुरलेली असू शकते. हे मान्य करावंच लागतं.

६. खिसा आणि पिशवी यांच्यामध्ये कायद्याने रेघ ओढली आहे.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात मात्र झडतीच्या नियमांना खरे दात आहेत. शिक्षा इतकी जबर आहे की नियमही तितकेच कडक ठेवावे लागले. कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी माणसाला सांगावं लागतं की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती करून घेण्याचा तुला हक्क आहे. हे सांगितलं नाही, तर अंगावर सापडलेला माल बेकायदा ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. १९९९ च्या बलदेव सिंग निकालात घटनापीठाने हे म्हटलं आणि पुढच्या घटनापीठाने विजयसिंह जाडेजा खटल्यात ते आणखी पक्कं केलं. पण हाच माल खांद्यावरच्या पिशवीत असेल तर कलम ५० लागू होत नाही. २००५ च्या पवनकुमार खटल्यापासून हे ठरलेलं आहे. कायद्यातला तर्क मला कळतो, शरीराला हात लावणं वेगळं आणि सामानाला लावणं वेगळं. तरी तुरुंगातल्या भेटीच्या खिडकीपलीकडून एखादा पोरगा विचारतो, "पिशवी माझ्या अंगावरच होती ना?", तेव्हा तो तर्क त्याच्यापर्यंत पोचवणं फार अवघड होतं.

याच कायद्यात वजनावर आयुष्य ठरतं. गांजा एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या पुढे व्यापारी प्रमाण, आणि तिथे कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ बंद. गांजाची व्याख्या आहे फुलं-फळं धरलेल्या शेंड्यांची. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. तरी अनेक पंचनाम्यांत पानं, काड्या, बिया, ओलावा आणि कधी कधी गोणीसुद्धा एकाच वजनात धरलेली असते. वजनकाटा कुणी आणला, कुठल्या दुकानातून, रिकाम्या गोणीचं वजन वेगळं केलं का, हे प्रश्न कोर्टाला रटाळ वाटतात. एकदा न्यायाधीशसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी सगळे प्रश्न विचारले, कारण वीस किलोच्या रेषेच्या कुठल्या बाजूला माझा अशील उभा आहे हे त्यांवरच ठरणार होतं.

७. जप्तीनंतर वस्तू एकटीच प्रवास करते.

लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची लेबलं, मुद्देमाल रजिस्टर, नमुने घेऊन प्रयोगशाळेत जाणारा अंमलदार. एवढ्या हातांतून पुडी जाते, आणि यातला प्रत्येक हात साक्षीला आला पाहिजे. सीलचा शिक्का मधल्या काळात कुणाकडे होता, हा प्रश्न मी कधीच सोडत नाही.

८. पायाखालची जमीन हलते.

२०१८ मध्ये मोहनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की फिर्याद देणारा अधिकारीच तपास करत असेल तर आरोपी सुटायला हवा. तुरुंगांत ही बातमी आमच्या आधी पोचली. अशील नव्या आशेने बोलू लागले. २०२० मध्ये मुकेश सिंग खटल्यात घटनापीठाने तो निकाल फिरवला. नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर घेण्याबाबतच्या, अमली पदार्थांच्या कायद्यातल्या कलम ५२-अ चंही तसंच काहीसं झालं. २०१६ मध्ये केंद्र सरकार विरुद्ध मोहनलाल या दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने त्यावर फार भर दिला, पुढे २०२५ मध्ये भरत आंबळे खटल्यात सांगितलं की नुसता तेवढा भंग झाला म्हणून शिक्षा आपोआप रद्द होत नाही, बाकीचा पुरावाही पाहावा लागेल. तेव्हापासून मी एका कलमावर सगळी मदार ठेवत नाही, आणि अशिलालाही ठेवू देत नाही. साक्षीतली विसंगती मात्र निकाल फिरला तरी जागेवर राहते.

९. ज्यांचं चोरीला गेलं, ते मागच्या बाकावर बसलेले असतात.

दागिन्यांच्या जप्तीला आव्हान देताना हे मला सतत जाणवतं. एखादी बाई आपलं मंगळसूत्र ओळखायला आलेली असते. तशाच इतर दागिन्यांत मिसळून ते ओळखायला लावलं होतं का, हे विचारणं माझं काम आहे, कारण तसं केलं नसेल तर ओळख पटण्याला फारसा अर्थ राहत नाही. पण प्रश्न विचारताना आवाज खाली ठेवायचा असतो, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, ते तिच्याकडे पाहून कळलं. झडती नीट झाली असती तर तिचाही दागिना खात्रीने तिच्याकडे गेला असता. ढिसाळ पंचनाम्याने तिचंही नुकसान केलेलं असतं.

१०. आता मोबाइलचा कॅमेरा हा तिसरा पंच आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण सांगितलं आहे, आणि ते विलंब न करता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं आहे. मला याचा मनापासून आनंद झाला. आता पाहायचं ते वेगळं: चित्रीकरण दार उघडण्याआधी सुरू झालं की वस्तू टेबलावर ठेवल्यावर? मध्ये तुटलं का? आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलंय का? २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालाने, जो आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून उभा राहिला, हे प्रमाणपत्र बंधनकारक असल्याचं पक्कं केलं. खरी झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कॅमेरा वाचवेल, आणि मला अशा कितीतरी अधिकाऱ्यांची नावं माहीत आहेत ज्यांना तो फार आधी मिळायला हवा होता.

११. घरच्यांना त्यांचा हक्क कुणी सांगितलेला नसतो.

झडतीच्या वेळी घरातल्या माणसाला हजर राहू द्यावं लागतं, आणि पंचांच्या सह्यांची जप्त वस्तूंची यादी त्याला द्यावी लागते. पोलिसांनी विनावॉरंट झडती घेतली असेल तर त्यांनी लिहिलेली कारणं अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवीत, आणि घरमालकाने अर्ज केला की तिथून त्याची नक्कल विनामूल्य मिळते. पहिल्या भेटीत आई किंवा बायको येते ती सगळ्यात आधी जामिनाचं विचारते. त्याचं उत्तर देऊन झालं की मी तिला यादीबद्दल विचारते, पंचांपैकी कुणाला ती ओळखते का ते विचारते, आणि नकलेचा अर्ज तिथेच लिहून तिच्या सहीसाठी पुढे ठेवते.