पायाला मुंग्या येतात? बाटली घेण्याआधी हे वाचा

बायांनो, बैठकीत बचतीचा हिशोब संपला की दुखण्याखुपण्याचा विषय निघतोच. "तळपाय रात्रभर जळतात." "कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटतं." "चप्पल पायातून कधी निसटली तेच कळत नाही." मग शेजारची लगेच सांगते, अमकी पावडर घे, नसांना ताकद येते. त्या एका डब्याच्या भावात दोन-तीन महिन्यांची बचत जाते, आणि कधी कधी त्यासाठी गटातून अंतर्गत कर्जाची मागणी होते. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पाठात हाच विषय घेतला आहे: मुंग्या कशाने येतात, गोळ्या-पावडरी कुणाला उपयोगी पडतात आणि व्यायामाने काय होतं.

आधी नस म्हणजे काय ते बघू. इथं नस म्हणजे रक्ताची नळी नाही, तर संवेदना वाहून नेणारा तंतू. खांबावरून घरात वायर येते तसा समजा. शरीरातली सगळ्यात लांब वायर कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाते. त्यामुळे बिघाड झाला की तो आधी बोटांत कळतो आणि मग मोजा चढवल्यासारखा हळूहळू वर सरकतो. डॉक्टर याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. आग होते, टोचतं, तोवर निदान आपलं लक्ष तरी जातं. पण पुढे पाय बधिर होतो, दुखणं थांबतं, आणि बाईला वाटतं बरं झालं. खरा धोका तिथून सुरू होतो. काटा रुतला, बुडखा लागला, चुलीतला निखारा पायाखाली आला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि काही जणींवर बोट, कधी पाऊलही काढायची वेळ येते.

कारणं बरीच आहेत. सगळ्यात जास्त आढळतं ते साखरेचं, म्हणजे मधुमेहाचं. दुसरं बी-बारा जीवनसत्त्व कमी पडण्याचं. त्याशिवाय थायरॉईड, किडनीचा आजार, दारू आणि काही औषधंही कारण असू शकतात. कुष्ठरोगही नसांचाच आजार आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. हाताच्या पहिल्या तीन बोटांनाच रात्री मुंग्या येत असतील तर मनगटात नस दबलेली असू शकते. कोयता धरून, धारा काढून असं होतं. एकाच पायात कमरेपासून कळ उतरत असेल तर तो मणक्याचा विषय. सांगायचा मुद्दा असा की कारणं इतकी वेगवेगळी असताना एकच पावडर सगळ्यांना लागू कशी पडेल?

घाई करायच्या दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय अचानक गळाला, तर लगेच १०८ ला फोन. दोन्ही पायांची ताकद दोन-चार दिवसांत भराभर जाऊन अशक्तपणा वर चढत असेल तरी थांबायचं नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण निघाले होते, तो आजार असाच सुरू होतो.

आता बी-बाराबद्दल जरा सविस्तर, कारण हे आपल्या ताटाशी जोडलेलं आहे. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसतं. कितीही मेथी, शेपू, डाळ खाल्ली तरी ते मिळत नाही. मिळतं ते दूध, दही, अंडी, मासे आणि मटणातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात तिघांमागे दोघांचं बी-बारा कमी निघालं. ही पुरुषांची गत. आपल्या घरांत सगळ्यांचं झाल्यावर बाई जेवायला बसते, दूध डेअरीला जातं आणि उरलेल्यात चहा होतो, मग बाईचं काय असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन मायक्रोग्रॅमच्या वर थोडं बी-बारा लागतं. गाईच्या पेलाभर दुधात त्यातलं निम्मं मिळतं, एका अंड्यात पाव भाग. म्हणजे गाय-म्हैस, कोंबड्या दारात असतील तर घालायचं रोजच्या खाण्यातच आहे. फक्त ते बाईच्या पोटात जायला हवं! माझं तर म्हणणं आहे की डेअरीला दूध घालण्याआधी घरातल्या बाईचा एक पेला बाजूला काढावा. पण एकदा बी-बारा फार खाली गेलं आणि पाय बधिर व्हायला लागले, की नुसत्या दुधाने ते भरून येत नाही. तेव्हा डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शन देतात, तेही ठरावीक काळ. फरक पडायला काही महिने लागतात. फार वर्षं दुर्लक्ष झालं असेल तर गेलेली संवेदना पूर्ण परत येत नाही, म्हणून लवकर तपासलेलं बरं.

साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या बायांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या गोळीने बी-बारा कमी होऊ शकतं. गोळी बंद करायची नाही, ती बंद केली तर साखर वाढून नसांचं जास्तच नुकसान होईल. फक्त डॉक्टरांना विचारायचं, "माझं बी-बारा तपासायचं का?" रक्तवाढीच्या लोह-फोलिकच्या गोळीचंही असंच. ती चालूच ठेवा, गरोदर बाईने तर बंद करायचीच नाही. पण फोलिकमुळे रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-बाराची कमतरता झाकली जाते. आत नसांचं बिघडणं चालूच राहतं. म्हणून गोळ्या चालू असताना मुंग्या येत असतील तर आशाताईंना तसं सांगा.

मग बाजारातल्या "नसांच्या" गोळ्यांचं काय? जे शरीरात कमी आहे ते भरलं तर गुण येतो. जे कमीच नाही ते वरून ओतून नस धट्टीकट्टी होत नाही. उलट बी-सहा नावाचं जीवनसत्त्व यातल्या बऱ्याच गोळ्यांत असतं, आणि ते मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात, मुंग्या वाढतात. टीबीच्या औषधाबरोबर डॉक्टर बी-सहा देतात ते मात्र घ्यायचं, त्याची मात्रा मोजून दिलेली असते. अल्फा लिपोइक ॲसिड हे आणखी एक नाव तुम्हाला महागड्या पाकिटावर दिसेल. जगभरचे प्रयोग तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२४ साली सांगितलं की मधुमेहातल्या मुंग्या-जळजळीवर सहा महिन्यांनी त्याचा फारसा फरक दिसत नाही. बसस्टँडवर किंवा घरोघर फिरून विकलं जाणारं, ज्याच्यावर आत काय आहे तेच लिहिलेलं नाही, ते तर हातातही घेऊ नका.

म्हणून कर्जाचा विषय बैठकीत आला तर गटाने एकच विचारावं: डॉक्टरची चिठ्ठी आहे का? तपासणीसाठी, प्रवासासाठी, चांगल्या चपलेसाठी कर्ज द्या. पावडरीसाठी नको. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तीस वर्षांवरच्या प्रत्येकीने ती करून घ्यावी. तिथं सोय नसलेल्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालय किंवा बीडचं जिल्हा रुग्णालय आहे.

बैठकीतच करता येईल अशी एक परीक्षा सांगते. ती इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयात तयार झाली आणि तिला काहीच साधन लागत नाही. एकीने पाय पसरून डोळे मिटायचे. दुसरीने बोटाच्या टोकाने तिच्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दोन्ही पायांची मिळून सहा बोटं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, एका बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. स्पर्श कळला की तिने "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संवेदना कमी झाली आहे असं समजून दवाखाना गाठायचा. पंधरा जणींची परीक्षा अर्ध्या तासात होते. साखर असलेल्या बायांची आधी करा.

व्यायाम म्हटलं की हसू येतं. "दिवसभर खुरपते, मोळ्या वाहते, आता आणखी काय व्यायाम?" बरोबर आहे, कष्टात कमी नाही. पण वाकून खुरपणं म्हणजे सलग चालणं नव्हे आणि त्यात तोल सांभाळण्याचा सराव होत नाही. पाय बधिर झालेली बाई अंधारात पडते ती तोल गेल्याने. चालण्याने साखर खाली येते, पायातलं रक्त खेळतं राहतं, आणि तोलाच्या व्यायामाने पडणं टळतं. रात्री जेवण झाल्यावर दोघी-तिघींनी मिळून दहा-पंधरा मिनिटं चाला, सकाळी तेवढंच. मग दाराची चौकट धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं आणि सावकाश खाली यायचं, दहा वेळा. बाजेवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत थांबायचं. अंगणात रांगोळीची सरळ रेघ ओढून एका पायाच्या बोटांपुढे दुसऱ्याची टाच टेकवत चालायचं, सोबत कुणीतरी हवं. पायाला जखम असेल तर हे काही नको. बसल्या बसल्या शिलाई मशीन चालवल्यासारखे पाऊल वर-खाली हलवा. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपाशी पोटी व्यायाम नको, आणि घाम येऊन थरथर झाली तर लगेच साखर खायची. छातीत दुखलं तर तिथंच थांबायचं.

बधिर पायाला शेक द्यायचा नाही. गरम वीट, गरम पाण्याची पिशवी, चुलीपुढे पाय पसरणं, यातलं काहीही नको. चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. अंघोळीचं पाणी पायाने नाही, कोपराने बघा. रोज झोपताना तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तपासा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा किंवा नातीला बघायला सांगा. घरातसुद्धा चप्पल घाला. नवी चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि माप बरोबर बसतं. भोवरी ब्लेडने कापू नका. मिश्री सोडता आली तर सोडा, तंबाखूने पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

शिरूर तालुक्यातल्या ज्या बाया दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जातात, त्यांच्यासाठी हे जास्त गरजेचं आहे. उसाच्या फडात पाचट आणि तोडलेले बुडखे पायाखाली असतात आणि पहाटेच्या अंधारात काम सुरू होतं. निघण्याआधीच्या बैठकीत सहा बोटांची परीक्षा करून घ्या. साखर असेल तर जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या आणि दवाखान्याचा कागद पिशवीत घ्या. बंद बूट घ्या, मोज्यासकट, आणि घालण्याआधी झटकून आत हात फिरवा. खडा नसला तर विंचू असतो. कोपीवर गेल्यावर रात्री मोबाईलच्या उजेडात नवरा-बायकोने एकमेकांचे तळपाय बघायचे. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडी करून, कापड बांधायचं आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं. मुकादम खाडा धरेल म्हणून थांबायचं नाही. एक दिवसाचा खाडा फिटतो.