फॉरमॅट न मारता

बोर्ड उडाला की दुकानात दोन वाक्यं ऐकू येतात. ‘नवीन बोर्ड टाकावा लागेल’, आणि त्याला लागूनच ‘मग फॉरमॅट मारावाच लागेल’. पहिलं बहुतेक वेळा खरं असतं. दुसरं एक्सपीच्या काळात खरं होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून छापखान्यांची आणि सीएंच्या ऑफिसांची मशीनं उभी करता करता माझं मत पक्कं झालंय: विंडोज टाकायला तासभर लागतो, पण त्यावर बसलेलं ऑफिस पुन्हा बसवायला, म्हणजे फाँट, प्रिंटर, लायसन्स, कुठल्या फोल्डरात काय ही सवय, यात आठवडे जातात. ते आठवडे गिऱ्हाइकाचे जातात, दुरुस्तीवाल्याचे नाही. म्हणून सल्ला इतक्या सहज दिला जातो.

१. आधी डिस्कची पूर्ण नक्कल.
‘डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घेतलीत’ याला मी बॅकअप म्हणत नाही. बूट होईल अशी अख्ख्या डिस्कची इमेज हवी. बोर्ड मेलेला असला तरी डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या मशीनवर ती घेता येते. यापुढचं सगळं या इमेजच्या जिवावर करायचं.

२. विंडोज आता बोर्डाला घाबरत नाही, डिस्कच्या मोडला घाबरतं.
एक्सपी बसवताना त्या बोर्डापुरतीच जुळणी करून घेत असे. डिस्क कंट्रोलर बदलला की निळा पडदा आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. सातमध्येही आयडीई मोडवर बसवलेलं विंडोज एएचसीआयवर नेलं की तेच. दहा आणि अकरा मात्र नव्या बोर्डावर ‘गेटिंग डिव्हाइसेस रेडी’ असं म्हणत थोडा वेळ घेतात, एखाद-दोनदा रीस्टार्ट होतात आणि डेस्कटॉप दाखवतात.
अट एवढीच की साटाचा मोड जुन्या बोर्डावर होता तोच नव्यावर ठेवायचा. एएचसीआय असेल तर एएचसीआय, रेड असेल तर रेड. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून व्हीएमडी नावाचा पर्याय बायोसमध्ये आलाय. तो चालू राहिला तर ड्रायव्हर नसलेल्या जुन्या विंडोजला एनव्हीएमई डिस्क सापडतच नाही. तो बंद करा. मोड बदलणं टाळताच येत नसेल, तर जुन्या बोर्डावरच विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठायला सांगून ठेवावं. नव्या मोडमध्ये एकदा सेफ मोड उघडला की योग्य ड्रायव्हर जागा होतो, मग ती सूचना काढून टाकायची.
काही छापखान्यांत जुन्या फाँटच्या सॉफ्टवेअरपायी अजून सात चालतं. त्यांना नवा बोर्ड सुचवताना मी दहादा विचार करतो. इंटेलच्या २०१५च्या स्कायलेकपासून यूएसबीची जुनी सोय गेली, त्यामुळे ड्रायव्हर आधी न घातलेल्या सातमध्ये कीबोर्ड आणि माउस दोन्ही मेल्यासारखे पडतात. अशा वेळी बोर्डाच्या मागचं ते गोल पीएस/२ सॉकेट लाखमोलाचं ठरतं.

३. बूटची पद्धत जुन्या बोर्डावरच बदलून घ्या.
डिस्क ठणठणीत, बोर्ड कोरा करकरीत, तरी ‘बूट डिव्हाइस नाही’. अशा वेळी हमखास डिस्क एमबीआरची निघते, कारण विंडोज जुन्या लेगसी बायोसवर बसवलेलं असतं आणि नव्या बोर्डाला फक्त यूईएफआय कळतं. यावर ‘आता फॉरमॅटच’ म्हणणारे मी बरेच ऐकलेत. २०१७पासून विंडोज दहातच एमबीआर-टू-जीपीटी ही कमांड आहे. एकही फाइल न हलवता ती डिस्कचा आराखडा बदलते आणि बूटची छोटी पार्टिशन तयार करते. आधी नुसती तपासणी चालवायची, ती पास झाली तरच रूपांतर. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ती नकार देते. काम झालं की जुना बोर्डही यूईएफआयवर लावावा लागतो, नाहीतर तिथेच अडतं. बोर्ड मेलेला असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरूनही ही कमांड चालते.

४. बोर्डाशी मारलेल्या गाठी आधी सोडा.
खरी मेहनत इथे आहे. विंडोज उठतं, पण जे जे बोर्डाच्या ओळखीवर विसंबून असतं ते ते अडून बसतं.
पहिलं विंडोजचं लायसन्स. कंपनीच्या तयार मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या बोर्डाबरोबर संपतं, कंपनीनेच दोषामुळे बोर्ड बदलून दिला तर गोष्ट वेगळी. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं. त्यासाठी जुना बोर्ड चालू असतानाच सेटिंग्जमध्ये जाऊन लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलंय का ते बघावं. जोडलेलं असेल तर नव्या बोर्डावर ट्रबलशूटरमध्ये ‘अलीकडे हार्डवेअर बदललं’ हा पर्याय मिळतो. असेंबल्ड मशीनसोबत ‘विंडोज टाकून दिलंय’ असं सांगितलेलं असतं तेव्हा नेमकं काय टाकलंय, हे याच क्षणी उघडकीला येतं.
दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं कुलूप. कुलपाची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएम नावाच्या तिजोरीत असते. बोर्ड जिवंत असेल तर बिटलॉकर आधी सस्पेंड करावं. उडालाच असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाच मार्ग, आणि ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. ‘आम्ही असलं काही लावलेलंच नाही’ यावर विसंबू नये. अलीकडच्या विंडोज अकरात अकाउंटने लॉगिन करताच डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो.
तिसरी गाठ माणसाच्या डोक्यात असते. लॉगिनचा पिनही टीपीएमशी बांधलेला, म्हणून नव्या बोर्डावर तो चालत नाही, पासवर्ड मागतो. मी विचारतो, ‘काका, पासवर्ड?’ उत्तर ठरलेलं: ‘पासवर्ड कुठला, आम्ही तर चार आकडे दाबतो.’ मग मुलाला फोन, मुलगा बंगळुरूला, रिकव्हरीचा मोबाइल नंबर बंद पडलेला. बोर्ड काढायच्या आधी पासवर्ड एकदा माझ्यासमोर टाकून दाखवा, असं मी आता आग्रहाने सांगतो.
चौथं टॅली. लायसन्स आधी सरेंडर करून नव्या बोर्डावर पुन्हा ॲक्टिव्हेट करायचं, नाहीतर ऐन जीएसटी रिटर्नच्या तारखेला ती एज्युकेशनल मोडमध्ये उघडते. डिजिटल सहीचं टोकन आणि यूएसबी डोंगल यांना बोर्डाचं सोयरसुतक नसतं. पण प्रिंटर पोर्टवर लागणारा जुना डोंगल असेल तर नव्या बोर्डाच्या मागे ते पोर्टच नसतं, आणि प्रिंटरसाठी मिळणारी यूएसबी वायर सहसा डोंगलला चालत नाही. बोर्ड घेण्याआधी मशीनच्या मागे वाकून बघा.

५. नेटचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर.
नव्या बोर्डाचं लॅन जुन्या विंडोजला ओळखू आलं नाही, तर ड्रायव्हर उतरवायला नेट नाही आणि नेटसाठी ड्रायव्हर नाही. विसरलात तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा चालतं.

६. फक्त प्रोसेसर बदलतानाही बायोस आधी.
एएम४ बोर्डावर पुढच्या पिढीचा रायझन बसतो, पण जुनं बायोस त्याला ओळखत नाही. जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करा, आणि त्या वेळी यूपीएस हवाच. रायझनमध्ये टीपीएम सहसा प्रोसेसरमधलाच असल्यामुळे नवा प्रोसेसर बसवला की तो रीसेट करू का असं बायोस विचारतं. बिटलॉकर चालू असेल तर हो म्हणण्याआधी चौथा मुद्दा पुन्हा वाचा. आणि कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट सुकलेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करा आणि कूलर हलकेच पिळून सोडवा. इंटेलमध्ये वेगळी फसगत: सातव्या आणि आठव्या पिढीचं सॉकेट सारखंच दिसतं, नावही तेच, ११५१, पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो.

७. लिनक्सवाल्यांचं बरं असतं.
ड्रायव्हर बहुतेक कर्नलमध्येच असतात, त्यामुळे डिस्क लावली की मशीन उठतं. दोन गोष्टी बघायच्या. नेटवर्क कार्डाचं नाव स्लॉटवरून ठरतं, ते बदललं की हाताने लिहिलेला आयपी हरवतो. आणि बूटची नोंद जुन्या बोर्डाच्या चिपमध्ये राहिलेली असते, ती नव्यावर पुन्हा घालावी लागू शकते.

८. बोर्ड आणि अकरा एकाच दिवशी नको.
विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून पुष्कळ जण अकरासाठीच बोर्ड बदलतायत. मी आधी दहाच नव्या बोर्डावर नेतो. प्रिंटर, टॅली, फाँट सगळं चालतंय असं ऑफिसने काही दिवस बघितलं की वरूनच अकरावर अपग्रेड. दोन्ही एकदम केलं तर बिघाड बोर्डाचा की अकराचा हे सांगता येत नाही. अपग्रेडनंतर परत दहावर यायला दहा दिवस मिळतात. विंडोजमध्ये व्हायरस मुरलेला असेल, क्रॅक मारलेला असेल, किंवा ते अजून ३२ बिटचं असेल (अकरा ३२ बिटमध्ये येतच नाही), तर मीही निमूटपणे फॉरमॅट मारतो. इमेज मात्र तेव्हाही आधी घेतो.