दुसऱ्या नोकरीचं शहर

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात पदवीची मार्कलिस्ट हातात पडली की घरोघर एकच चर्चा सुरू होते: पोरांनी पुण्याला जायचं की मुंबईला? फैसला बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर होतो. कुठल्या ऑफरचा आकडा मोठा आहे आणि शनिवारी रात्री कुठून घरी येता येतं. आळे, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव इथून बाहेर पडलेल्यांचं पुढे काय होतं हे बरीच वर्षं पाहत आल्यावर माझं मत असं झालंय, की या दोन्ही मापांनी माणूस फसतो. पहिली नोकरी क्वचितच टिकते. कधी ट्रेनीची मुदत संपते, कधी प्रोजेक्ट गुंडाळला जातो, कधी साहेबाशी पटत नाही, तर कधी आपल्यालाच कळतं की हे काम आपलं नाही. शहराची खरी परीक्षा तिथून पुढे असते. तीच खोली ठेवून, रोज जाण्यायेण्याच्या टप्प्यात दुसरी नोकरी मिळते का? ज्या शहरात ती मिळते ते तुमचं शहर, मग पहिल्या ऑफरमध्ये दोन हजार कमी का असेनात.

याचा दाखला आपल्या भागाला बाहेर शोधावा लागत नाही. मागच्या पिढ्यांनी मुंबई गाठली ती एकेका धंद्याच्या वाटेनं. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळची माणसं डबे पोचवण्याच्या कामात शिरली, काही माथाडीत गेली, काही भाजीच्या घाऊक बाजारात, आणि कोकण-साताऱ्याच्या लोकांबरोबर काही गिरण्यांतही. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. कामावर परत बोलावणं येईल या आशेवर हजारो घरांनी वर्षं काढली आणि ते कधी आलंच नाही. त्या काळातही मुंबईत इतर कामं होती. पण गिरणीतल्या साच्यावरचं कसब दुसरीकडे विकलं जाईना, आणि चाळ, उधारीचं दुकान, खानावळ सगळं गिरणीभोवती बांधलेलं होतं. भाजीबाजारातला माणूस मात्र भायखळ्याचा बाजार वाशीला हलला तेव्हा त्याच्यामागे वाशीला गेला आणि टिकला. गिरणगाव आणि भाजीबाजार एकाच मुंबईत होते. भाजीबाजाराला दुसरा दरवाजा होता, गिरणगावाला नव्हता.

आज हीच गोष्ट चाकणला लागू पडते, हे सांगितलं की आपल्याकडे लोक नाराज होतात. चाकणनं आपल्या दोन्ही तालुक्यांना भरपूर दिलंय हे खरंच आहे. पण तिथला मोठा भाग वाहनं आणि वाहनांचे सुटे भाग बनवतो. २०१९ साली देशभर गाड्यांची विक्री घसरली तेव्हा अशा पट्ट्यांत आधी कात्री लागली ती कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांना. मेकॅनिकलच्या मुलाला एक कंपनी सुटली तर शेजारची असते, हे बरोबर. मंदीत मात्र शेजारचीही भरती थांबलेली असते. म्हणून चाकणला जायला माझी ना नाही. कंपनीच्या गेटजवळ खोली घेऊन पुण्याकडे पाठ फिरवायला आहे. नाशिक रस्त्यानं येणारी एसटी नाशिक फाट्यावर थांबते आणि तिथंच मेट्रोचं स्टेशन आहे. कासारवाडी-दापोडीच्या आसपास राहणारा एका बाजूला भोसरी-चाकण गाठू शकतो, दुसऱ्या बाजूला शिवाजीनगर आणि स्वारगेट, आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलून रामवाडीपर्यंत. भाडं थोडं जास्त पडेल. ते जास्तीचे पैसे दुसऱ्या नोकरीचा हप्ता समजून भरावेत.

पुणं हे एक शहर आहे असं आपण धरून चालतो, पण नोकरी शोधणाऱ्यासाठी ती चार-पाच वेगळी गावं आहेत. हिंजवडीत राहणाऱ्याला खराडीची नोकरी लागली तर संध्याकाळच्या कोंडीत तो रोज गावाकडच्या एसटीइतका वेळ घालवतो, किंवा मुकाट्यानं खोली बदलतो. मुंबईचं उलटं आहे. तिथं अंतरं मोठी असली तरी लोकलनं सगळी एका दोरीत ओवली आहेत. आळ्याच्या मुलासाठी मुंबई म्हणजे चर्चगेट नव्हे, माळशेज उतरल्यावर लागणारं कल्याण, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. कल्याणहून ठाणे, दादर, सीएसएमटी सरळ गाडीनं. ठाण्याला बदलून ऐरोली, घणसोली, वाशी. बँका, विमा, औषध कंपन्या, जहाज-मालवाहतूक, जाहिरात, वकिली, आयटीतलीही बरीच कामं या एका खोलीवरून पोचण्याजोगी. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. झालेल्याला, ज्याच्या पदवीवर एका उद्योगाचा शिक्का नाही, त्याला ही विविधता पुण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते असं मला वाटतं. गर्दीची किंमत मी लपवत नाही. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून पडून माणसं मेली. दारात लटकून वेळेवर पोचण्यापेक्षा पुढची गाडी पकडून लेटमार्क घ्यावा, आणि ज्या ऑफिसात तेवढीही सवलत नाही ते सोडायची तयारी ठेवावी.

सगळ्यात जोराचा आक्षेप घरातून येतो: पुणं जवळ आहे, आईवडिलांचं वय झालंय, कांदा-टोमॅटोच्या वेळेला हात लागतो. या म्हणण्यात वजन आहे. ज्याच्या घरी बागायत आहे आणि ती बघणारं दुसरं कुणी नाही, त्यानं पुणंच निवडावं आणि त्याबद्दल कुणाला उत्तर देत बसू नये. पावसाळ्यात दरड कोसळली की माळशेज बंद पडतो, तेही खरं. पण बाकीच्यांच्या बाबतीत जवळ असण्याचा हिशेब कुणी मांडत नाही. आळेफाट्याच्या उपबाजारात कांदा न्यायचाय, पाहुण्यांकडे साखरपुडा आहे, ट्रान्सफॉर्मर जळालाय, प्रत्येक निरोपाला पुण्यातला मुलगा हाताशी आहे असं गृहीत धरलं जातं. त्याचे रविवार मोशी-चाकणच्या कोंडीत जातात. नवं काही शिकायला, मुलाखतीची तयारी करायला उरतात ते थकलेले तास. पुणे-नाशिक रेल्वे झाली की हे सुटेल म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की नारायणगावावरून जाणाऱ्या आखणीला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची अडचण निघाली. पुढच्या पाच वर्षांचा निर्णय त्या गाडीच्या भरवशावर घेऊ नये.

आता पगाराचा आकडा. ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख लिहिलं की गावात महिना २५ हजार अशी बातमी फिरते. कागद नीट वाचा. समजा मूळ वेतन महिना १२,५०० धरलंय. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला १२ टक्के वाटा म्हणजे १,५०० रुपये आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० रुपये त्या २५ हजारांतच मोजलेले असतात. ग्रॅच्युइटी मिळते ती साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी केल्यावर, आणि आपण तर पहिली नोकरी सुटणार असं धरून चाललोय. तुमच्या वाट्याचे १,५०० आणि व्यवसाय कराचे २०० कापले की हातात २१,२००च्या आसपास येतात. त्यातून खोली, डबा आणि प्रवास वजा केल्यावर दोन शहरांतल्या ऑफरमधला फरक बहुतेक वेळा इतका आटतो, की त्यासाठी शहर ठरवणं हास्यास्पद वाटावं. पत्रावर नाव कंपनीचं आहे की ठेकेदाराचं, आणि बॉण्ड आहे का, या दोन ओळी आकड्याच्या आधी वाचाव्यात. बॉण्डची नोकरी म्हणजे दुसरी नोकरी शोधायला आधीच मनाई.

चुलत्याची डोंबिवलीत रूम आहे, भाडं नाही, मग मुंबईच. असाही एक सरळ युक्तिवाद असतो. पहिले दोन-तीन महिने जरूर राहावं. पुढे मात्र त्या घरातल्या मुलांची अभ्यासाची जागा आपण अडवतो, आणि नोकरी बदलायची म्हटली की सल्ला देणारं माणूस घरातच बसलेलं असतं. स्वतःची खोली घेताना अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असावा. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. करारातला लॉक-इन शक्य तितका कमी मागून घ्या, नाहीतर नवी नोकरी एका टोकाला आणि अडकलेलं डिपॉझिट दुसऱ्या टोकाला, असं होतं. (पेठांत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणाऱ्यांना यातलं काही लागू नाही. ती शहराची निवड नाही, परीक्षेची आहे.)

ऑफर स्वीकारण्याआधी एक कागद घ्या. ज्या भागात खोली घेणार तिथून दारापासून दारापर्यंत सव्वा तासात पोचता येईल अशा, तुमच्या पदवीला नोकरी देणाऱ्या दहा ठिकाणांची नावं लिहा, आणि ती एकाच धंद्यातली आहेत का तेही बघा. पुण्याच्या यादीत दहा भरली आणि मुंबईच्या यादीत चार, तर पुण्याला जा. उलट असेल तर कल्याणची गाडी पकडा. दोन्हीकडे चारच भरत असतील तर शहर बदलून काही होणार नाही. आधी सहा महिने एखादं कौशल्य शिका आणि मग यादी पुन्हा लिहा.