पाणी मुळाशी, तहान पानांत : कपाशीतील आकस्मिक मर

विदर्भातील भारी काळ्या जमिनीत कपाशी फुला-बोंडांवर असताना पावसाचा दीर्घ खंड पडतो, मग एकाएकी जोरदार पाऊस होतो आणि लगेच कडक ऊन तापते. अशा वेळी सकाळी टवटवीत दिसणारी काही झाडे काही तासांतच माना टाकतात. पाने लोंबतात, पुढे पात्या, फुले व कोवळी बोंडे गळतात. हा किडीचा प्रादुर्भाव समजून कीटकनाशक फवारले जाते आणि उपचाराची मोलाची वेळ निघून जाते. वस्तुतः ही विकृती कीड वा बुरशीमुळे उद्भवत नाही. मुळांकडून पानांकडे होणारा पाणीपुरवठा तुटलेला असतो.

वनस्पतीत पाणी वर चढते ते मुख्यतः पानांच्या ओढीने. पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर पडते, तसा जलवाहिन्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. डिक्सन व जॉली यांनी 1894 मध्ये मांडलेली ही उपपत्ती आज सर्वसाधारणपणे स्वीकारली जाते. ही ओढ सूर्याच्या उष्णतेवर चालते. परंतु मातीतील पाणी आत घेणाऱ्या मुळांच्या पेशी मात्र जिवंत व श्वसनक्षम असाव्या लागतात. पाणी साचले की मातीच्या पोकळ्यांतील हवा निघून जाते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि त्यांची जलशोषणक्षमता घटते. वर उन्हामुळे मागणी वाढलेली असते. म्हणूनच पर्णसंभार व बोंडांचा भार अधिक असलेली झाडे आधी सुकतात.

निदानासाठी झाड उपटून खोड उभे चिरावे. आतील भाग तपकिरी दिसल्यास बुरशीजन्य मर, मुळांची साल कुजून सुटत असल्यास मूळकूज समजावी. तुडतुड्यांमुळे पानांच्या कडा क्रमाक्रमाने पिवळ्या-तांबड्या होऊन वळतात. झाड तासाभरात सुकत नाही. आकस्मिक मरीत आरंभी खोड व मुळे निरोगी दिसतात.

साचलेले पाणी प्रथम चर काढून बाहेर काढावे. लक्षणे दिसताच, काही तासांच्या आत, कोबाल्ट क्लोराईड 10 मिलिग्रॅम प्रतिलिटर पाण्यातून फवारावे. कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम व युरिया 200 ग्रॅम 10 लिटर पाण्यात मिसळून बाधित झाडांच्या मुळांशी आळवणी करावी. वाफसा येताच कोळपणी करावी, म्हणजे मुळांशी हवा खेळती राहील. पावसाच्या खंडानंतर ओलित करावयाचे झाल्यास ते हलके द्यावे.